पेबल बीच: पैसे अठरा होलचे, समुद्र नऊ होलचा

आमच्या कोल्हापुरात खेळ म्हटलं की कुस्ती, नाहीतर तालमी-तालमींचा फुटबॉल. गोल्फ खेळतो म्हटलं की लोक एकदा चेहऱ्याकडं बघतात आणि एकदा बुटांकडं. माझी शिरोली एमआयडीसीत लहानशी फाउंड्री आहे. पुण्याच्या एका कस्टमरच्या नादानं येरवड्याच्या मैदानावर हा खेळ लागला, तो सुटला नाही. हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) बाविशीच्या आसपास, म्हणजे अठरा होलला शंभर फटक्यांच्या आत आलो तर त्या दिवशी घरी येताना पेढे. हे आधीच सांगतो, कारण रिव्ह्यू कुणी लिहिलाय हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नसतो. टीव्हीवरच्या लोकांना पेबल बीचचं हे मैदान जसं दिसतं तसं मला दिसलेलं नाही.

लेक-जावई अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला असतात. तिथून पेबल बीच गाडीनं साधारण दीड तास. वाटेत गिलरॉय नावाचं गाव लागतं, लसणासाठी प्रसिद्ध. काचा बंद असल्या तरी वास आत येतो आणि पोटात कालवाकालव सुरू होते. आमच्या सौ. म्हणाल्या, "इथं एक मिरची कांडप असतं तर बरं झालं असतं." असो.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैसे. पेबल बीच हे क्लबच्या सभासदांपुरतं मैदान नाही, पैसे भरेल त्याला खेळता येतं. मी खेळलो तेव्हा ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळायची फी, ६७५ डॉलर होती. आपले सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार धरा. कॅडीचे, म्हणजे काठ्या वाहून सल्ला देणाऱ्याचे, दीडशेच्या वर, त्यावर टीप. काठ्या भाड्यानं घेतल्या तर त्याचे वेगळे. सगळं मिळून आकडा नव्वद हजारांच्या घरात जातो. आधीपासून टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, पक्का करायचा तर त्यांच्याच हॉटेलात राहावं लागतं आणि खोली रात्रीला हजार डॉलरच्या वर. बाहेरच्या माणसाला आदल्या दिवशी फोन करून जागा उरली असेल तर मिळते. इथं एकट्या माणसाची सोय होते: तिघांच्या गटात चौथा म्हणून घुसता येतं. जावईबापूंनी फोन लावला आणि मला सकाळची वेळ मिळाली. लेक म्हणाली, "पप्पा, एवढ्यात गोव्याला अख्खं घर जाऊन आलं असतं." मी म्हटलं, गोव्याला आपण दरवर्षी जातोच.

पोशाखाचं लक्षात ठेवा. कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स चालत नाही. आणि आपल्या बुलेटवाल्या पोरांसाठी खास: मैदान ज्या खासगी रस्त्यावर आहे, त्या सेव्हन्टीन माईल ड्राइव्हवर मोटारसायकल सोडतच नाहीत. गाडीला गेटवर साधारण १२ डॉलर.

मैदान २२ फेब्रुवारी १९१९ ला सुरू झालं. आखलं जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या दोघांनी. दोघंही हौशी खेळाडू, त्याआधी एकही मैदान आखलेलं नव्हतं. त्यांनी एकच डोकं चालवलं: होलची माळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवली, म्हणजे जास्तीत जास्त होल काठावर बसतील. तरीही मोजलं तर समुद्राला चिकटून नऊच होल येतात. चौथा ते दहावा, आणि शेवटचे दोन. बाकी नऊ जमिनीकडचे. ही गोष्ट फोटोंत कुणी सांगत नाही.

पहिले तीन होल खेळताना मला खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. चांगलं राखलेलं गवत, दोन्ही बाजूला झाडं, श्रीमंतांची घरं. माझ्या गटात एक बाप आणि त्याची दोन मोठी मुलं होती, ओहायोकडची. ते तिघंही मधल्यामधे एकमेकांकडं बघत होते, हेच का ते, म्हणून. मग चौथ्याच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, आलो आणि उजवीकडची जमीन संपली.

चौथा होल लहान आहे, पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा, पण उजवीकडं सलग कडा. स्लाइस मारणाऱ्या, म्हणजे ज्याचा चेंडू उजवीकडं वळतो त्या माणसाला, म्हणजे माझ्यासारख्या निम्म्या जगाला, देवानं मुद्दाम उजवीकडं ठेवलेला समुद्र. पाचव्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ही काठावरची जमीन मैदान होण्याआधीच एका गृहस्थाला विकली गेली होती, त्यामुळं जुना पाचवा होल आतल्या बाजूनं वळसा घालून जायचा. कंपनीनं ती १९९५ मध्ये परत विकत घेतली आणि नामांकित गोल्फपटू जॅक निकलॉसनं आखलेला नवा पाचवा होल १९९८ मध्ये खुला झाला. एका प्लॉटचा सातबारा परत नावावर व्हायला तिथंही साताठ दशकं लागतात हे कळल्यावर मला आपल्या तलाठी कार्यालयाबद्दल जरा बरं वाटलं.

सहावा पार पाच आहे आणि दुसरा फटका डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या टेकाडावरून पलीकडं मारायचा. पलीकडं काय आहे ते दिसत नाही. कॅडी म्हणाला, "त्या उजव्या झाडावर धर आणि विश्वास ठेव." विश्वास ठेवला.

आणि सातवा. जगातला सगळ्यात जास्त फोटो निघालेला होल म्हणतात त्यातला हा एक. अंतर मागच्या टीवरून १०६ यार्ड, शंभर मीटरसुद्धा नाही. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक गवत, खाली, टी वर, तिन्ही बाजूंनी खडक आणि फेस. इतक्या अंतराला मी डोळे मिटून वेज, म्हणजे जवळच्या, उंच फटक्याची काठी, काढतो. पण तिथं वारा होता, पन्हाळ्याच्या सज्जाकोठीवर आषाढात असतो तसा, टोपी धरून उभं राहावं लागणारा. कॅडीनं चिमूटभर गवत उडवलं. ते सरळ माझ्या छातीवर येऊन पडलं. त्यानं वेजकडं हात जाऊ दिला नाही, सात नंबरचं आयर्न, म्हणजे जास्त लांब जाणारी काठी, काढलं आणि म्हणाला, अर्धाच स्विंग, चेंडू खाली ठेव. शंभर यार्डाला सात नंबर! मी मारला. चेंडू निघाला नीट, मधे एका जागी थबकल्यासारखा झाला, आणि ग्रीनच्या पुढच्या कडेवर टप्पा न घेता बसला. ओहायोच्या थोरल्या पोरानं वेजच काढला होता. त्याचा चेंडू वर गेला, मागं फिरला आणि आमच्या आणि ग्रीनच्या मधल्या वाळूत पडला. १९९२ च्या यूएस ओपन या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी असाच वारा सुटला होता, तेव्हा टॉम काइटचा चेंडू याच ग्रीनबाहेर गेला आणि त्यानं तिथून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, मारून थेट होलमध्ये घातला. स्पर्धाही त्यानंच जिंकली. टीवर उभं राहून तो वारा अंगावर घेतला की त्या चिपची किंमत कळते, टीव्हीवर कळत नाही.

मला विचाराल तर सातव्यापेक्षा आठवा मोठा. पहिला फटका चढावर, काहीच दिसत नाही, फक्त एक दिशा. वर जाऊन बघता तो जमीन एकाएकी तुटलेली, खाली खोल घळ, तिच्यात समुद्र शिरलेला, आणि पलीकडच्या काठावर तळहाताएवढं ग्रीन, भोवती बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. पावणेदोनशे यार्ड हवेतून न्यायचे. निकलॉसला हा फटका सगळ्यात आवडायचा म्हणतात. त्याला आवडेलच. मी डावीकडून वळसा घालून तीन तुकड्यांत गेलो, कारण चेंडू विकत घेऊन समुद्रात टाकायला आपण काही नारळी पौर्णिमेला गेलेलो नव्हतो. पण घळीच्या काठावर पाच मिनिटं उभा राहिलो. खाली खडकावर सी लायन पडलेले होते आणि त्यांच्या ओरडण्याला आमच्या फटक्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

नववा आणि दहावा लांब, अवघड, आणि दहाव्याच्या उजवीकडं खाली कार्मेलचा किनारा. लोक कुत्री मोकळी सोडून फिरताना दिसतात. इथवर माझे पैसे वसूल झाले होते.

अकरा ते सोळा. यावर फार लिहीत नाही. चौदावा तेवढा खमक्या आहे, लांबच लांब चढ आणि वर ग्रीन असं की चेंडू ठेवायला जागाच नाही. बाकीचे कुठल्याही चांगल्या मैदानावर सापडतील. शिवाय आमच्या पुढं एक गट होता, तो प्रत्येक टीवर आधी फोटो, मग व्हिडिओ, मग फटका असं चाललेला. एकेका टीवर दहा-दहा मिनिटं थांबलो. राऊंडला सहा तास लागले. मार्शल, म्हणजे मैदानावर नजर ठेवणारा माणूस, येऊन काही बोलला असता तर बरं झालं असतं, पण इतके पैसे भरून आलेल्याला घाई कोण करणार.

उशीर होण्याचा खरा तोटा ग्रीनवर दिसतो. इथली ग्रीन लहान आहेत, सरासरी साडेतीन हजार चौरस फूट. मोठ्या स्पर्धांच्या मैदानांत यांच्याइतकी लहान क्वचित. आणि गवत पोआ ॲन्युआ जातीचं. सकाळी ते काचेसारखं असतं. दुपारपर्यंत त्याला बारीक तुरे येतात, कुठं जास्त वाढतं, कुठं कमी, आणि चार फुटांचा सरळ पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) शेवटच्या फुटात उडी मारून बाजूला जातो. आम्ही फाउंड्रीवाले, पृष्ठभागाकडं आधी बघायची सवय. तेराव्याला मी गुडघ्यावर बसून गवतावरून बोट फिरवलं तर खरबरीत लागलं. कॅडी हसला, म्हणाला दोननंतर जोरात मारायचं, लाडीगोडी चालत नाही. तात्पर्य, जमेल तितकी लवकरची वेळ मागा.

आणि कॅडी घ्याच. पैसे वाचवायचे तर काठ्या जावयाच्या न्या, चेंडू स्वस्तातले न्या, पण कॅडी सोडू नका. इथं प्रत्येक पट समुद्राकडं वळतो असं सांगतात, आणि ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं त्याच्या डोक्यात असतं.

एका गोष्टीनं मला खेळापेक्षा जास्त विचारात पाडलं. या मैदानाला पाणी कुठून, म्हणून विचारलं. १९९४ पासून कार्मेल भागातलं सांडपाणी शुद्ध करून इथल्या मैदानांना देतात, आता गवताला सगळं तेच. एवढा हिरवागार गालिचा गावाच्या गटारावर! आमच्याकडं जयंती नाला पंचगंगेत जातो, उन्हाळ्यात मासे तरंगतात, मोर्चे निघतात, मग पाऊस येतो. मी हे ओहायोवाल्याला सांगायला गेलो पण त्याचा पट राहिला होता.

सतरावा पार तीन, ग्रीन मधे चिमटा काढल्यासारखं अरुंद. १९८२ मध्ये टॉम वॉटसननं ग्रीनबाहेरच्या वाढलेल्या गवतातून चिप थेट होलमध्ये घातली आणि निकलॉसच्या हातातली यूएस ओपन काढून घेतली, ती इथं. ती जागा कॅडीनं दाखवली. आम्ही चौघांनीही तिथं एकेक चेंडू ठेवून बघितला. कुणाचाही जवळपास गेला नाही. मागच्या गटाला तेवढं थांबावं लागलं, हे मान्य.

अठरावा म्हणजे नाद खुळा. ५४३ यार्ड, पार पाच, टीपासून ग्रीनपर्यंत डाव्या हाताला समुद्र एकदाही सोडत नाही. फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध दोन झाडं उभी. शेवटाला काठाची भिंत आणि तिला लागून लांबलचक बंकर. सन २००० मध्ये टायगर वुड्स इथं यूएस ओपन तब्बल १५ फटक्यांनी जिंकला. मी अठराव्यावर सात मारले आणि लॉजच्या गच्चीवर कॉफी पीत बसलेल्या अनोळखी बायकांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेक सगळ्यांसाठीच वाजवतात.

गुण द्यायचे तर काठावरच्या नऊ होलना पाचपैकी पाच, आतल्या नऊंना तीन, कॅडीला पाच, खिशाला शून्य. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर बसून सौ.नी आणलेली चपाती आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तिला गुण देण्याचा अधिकार मला नाही.

कुणी जावं? चेंडू शंभरात नव्वद वेळा हवेत जातो त्यानं आयुष्यात एकदा जावं. ज्याचा अजून जमिनीवरून जातो त्यानं गेटचे १२ डॉलर भरून आत जावं, अठराव्याच्या ग्रीनमागं उभं राहावं, फुकट बघावं. आणि ज्याला समुद्रकाठी खेळायचंच आहे पण नव्वद हजार घालायचे नाहीत, त्यानं तिथून थोड्याच अंतरावरचं पॅसिफिक ग्रोव्हचं मैदान गाठावं. ते नगरपालिकेचं आहे. त्याचे मागचे नऊ होल वाळूच्या टेकड्यांतून, १८५५ च्या पॉइंट पिनोस दीपगृहाला वळसा घालून जातात, आणि ते आखलेत त्याच जॅक नेव्हिलनं, १९६० मध्ये. फी शंभर डॉलरच्या आत-बाहेर. हरणं फेअरवेवर बसलेली असतात, त्यांना हाकलू नका, आपणच वळसा घालायचा. पहिले नऊ झाडीतले आणि साधे आहेत, म्हणून घाईत असाल तर फक्त मागचे नऊ मिळतात का ते काउंटरवर विचारा.