जिनिंगची नवी मांडणी: एक हंगाम काम केल्यावर

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, मी फिटर आहे. मागच्या दिवाळीआधी मालकांनी शेडची आतली मांडणी बदलून घेतली. कामगारांनी नुसते हात चालवू नयेत, डोकंही लढवावं, हा हेतू. आता हंगाम उतरणीला लागलाय आणि आसपासचे जिनिंगवाले विचारतात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोलाचा निघाला छताचा उजेड. उत्तरेकडे तोंड केलेल्या खिडक्या छतातच काढल्यात. आपल्याकडे थंडीभर सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. मेअखेरीस सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो खरा, पण तोवर जिन बंद झालेली असते.

या उजेडाचा खरा फायदा वेचाईला, म्हणजे कापसातला कचरा हाताने निवडून काढायला झाला. कापसात पोत्याचे प्लास्टिकचे धागे, केस, पुड्यांचे कागद येतात. एक धागा रुईत गेला तर थेट सुतात आणि कापडात निघतो, आणि गाठीचा भाव पडतो. टेबलं नवीन होती, पण भिंतीला समांतर लावलेली. वेचणारी एक बाई म्हणाली, "भाऊ, टेबल फिरवून द्या न, माहीच सावली पडते कापसावर." टेबलं आडवी केली. उजेड बाजूने पडू लागला आणि प्लास्टिकचा धागा चमकून दिसायला लागला. डिझाइन करणाऱ्यांनी चांगलंच काम केलं होतं, पण त्या टेबलाशी दिवसभर बसणाऱ्या बाईला कोणी विचारलं नव्हतं.

जिन हॉलला लागून विटांच्या भिंतीआड प्रयोगाची खोली आहे. वाईस, ड्रिल, भंगाराचा रॅक आणि एक फळा, बस. जिन चालू असताना बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. इथे साध्या आवाजात बोलता येतं आणि मशीन चार पावलांवर असते. आमच्या एका पोराने भंगारातल्या पट्टीतून जिनमधल्या सरकी पाडणाऱ्या हलत्या सुरीचं सेटिंग तपासायचा गेज, म्हणजे मापपट्टी, बनवला, आता सगळ्या जिनवर तोच वापरतो. पण हे जमलं ते मालकांनी शिफ्टमध्येच त्यासाठी वेळ दिला म्हणून. सुटीनंतर थांबून कोणी फळ्यावर चित्र काढत नाही.

ऑफिसच्या माडीवरची काचेची चर्चेची खोली मात्र वाया गेली. फेब्रुवारीतच ती भट्टीसारखी तापते, आणि रुई माखलेल्या कपड्यांनी तिथल्या गादीच्या खुर्चीवर बसायला माणूस बिचकतो.

मला खरोखर खटकलं ते वेगळंच. रेजांसाठी, म्हणजे मजूर बायकांसाठी, जेवायला, पाठ टेकायला जागाच नाही. त्या कापसाच्या गंजीच्या सावलीत डबा सोडतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) विश्रांतीच्या खोलीची सक्ती केली होती ती १५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना. आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, म्हणून त्या कायद्याप्रमाणे कागदोपत्री चूक नव्हती. पण सकाळपासून उकिडवं बसलेल्या बाईला टेकायला जागा नसेल, तर तिला नवीन सुचणार कधी?

नवी मांडणी करायची असेल तर छताचा उजेड आणि प्रयोगाची खोली डोळे मिटून करा. काचेचा खर्च वाचवा आणि त्या पैशात बायकांसाठी पंखा, माठ आणि दाराला कडी असलेली खोली बांधा. पुढच्या हंगामाआधी आमच्याकडेही तीच व्हावी, म्हणून मालकांकडे आम्ही सह्यांचा अर्ज दिलाय.