‘खात्रीची गाभण’ अल्पाका घेण्याआधी हे वाचा

न्यूझीलंडच्या वायकाटो भागात आमची थोडी जमीन आहे. घराभोवती चार-पाच एकर कुरण असलेल्या अशा जागेला इथे लाइफस्टाइल ब्लॉक म्हणतात. ऑकलंडच्या गर्दीतून बाहेर पडू पाहणारी ओळखीची मराठी कुटुंबं आमच्याकडे येतात, अल्पाकांना (उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळतात तो प्राणी) हात लावून बघतात आणि जाताना हमखास विचारतात, आम्हीही पाळू का? जरूर पाळा. प्राणी गुणी आहे, कुंपणं मोडत नाही, तळवे मऊ असल्यामुळे जमीन उखडत नाही. पण गाभण मादी विकत घेणार असाल तर आमच्या बाबतीत जे झालं ते आधी समजून घ्या.

आमच्याकडे आधी फक्त खच्ची केलेले नर होते, लोकरीपुरते. पैदास सुरू करायची म्हणून जून महिन्यात दोन माद्या घेतल्या. दोन्ही फेब्रुवारीत नराकडून भरवल्यात, जानेवारीच्या मध्याला पिल्लं होतील, असं विकणाऱ्याने सांगितलं. अल्पाकाचा गर्भकाळ साधारण साडेअकरा महिन्यांचा, त्यामुळे हिशेब जुळत होता. वर त्याने आमच्यासमोर परीक्षाही करून दाखवली. नराला दोरीला धरून मादीजवळ आणलं. मादीने कान मागे पाडले, मान उंच केली आणि हिरवट, आंबूस थुंकीचा फवारा नराच्या तोंडावर मारून पळ काढला. ‘बघा, गाभण मादी नराला जवळ येऊ देत नाही. शंभर टक्के गाभण.’ हेच त्याने नंतर मेसेज करूनही लिहून दिलं.

ही परीक्षा खोटी नाही. इथले सगळेच पाळणारे ती वापरतात. पण तिच्यात एक फट आहे आणि लबाड माणूस नेमकी तीच वापरतो. अल्पाकाची मादी गाईसारखी ठरावीक दिवसांनी माजावर येत नाही. नराशी संग झाला की त्यानंतर तिचं बीज सुटतं. बीज सुटल्यावर अंडाशयात पीतपिंड (गर्भ टिकवणारं संप्रेरक सोडणारी गाठ) तयार होतो आणि तो असेपर्यंत मादी नराला थुंकून हाकलते, मग गर्भ राहिलेला असो वा नसो. गर्भ नसेल तर हा पीतपिंड साधारण आठ-दहा दिवसांत विरतो. म्हणजे गिऱ्हाईक येण्याच्या आधीच्या आठवड्यात रिकामी मादी नराकडून भरवली, की गिऱ्हाइकासमोर ती हमखास थुंकणार. हे मला आमच्या व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, तेही सगळं होऊन गेल्यावर.

अल्पाकाचा अंगभर वाढलेला लोकरीचा थर असा, की पोट वाढलंय का, अंग आटलंय का, डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून रोज सकाळी वाळलेला चारा टाकताना मी एकेकीच्या पाठीवर हात ठेवते आणि लोकरीत बोटं घालून कणा चाचपते. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे. सप्टेंबरमध्ये दोघींपैकी तपकिरी मादीचा कणा बोटांना धारदार लागायला लागला. चारा खात होती, बाकीच्यांबरोबर ठरलेल्या जागीच लेंड्या टाकत होती, त्यातही काही वेगळं दिसत नव्हतं. मग कानांच्या टोकांची आणि नाकावरची कातडी सुटायला लागली. ऊन टाळून ती दिवसभर झाडाखाली, चारही पाय पोटाखाली घेऊन बसून राहायची. पापणी उलटून पाहिली तर आत पिवळसर. रक्तात जीजीटी हे यकृताचं एन्झाइम कितीतरी वाढलेलं निघालं. ऑक्टोबरमध्ये ती गेली. शवविच्छेदनात यकृत निबर, जुने व्रण धरलेलं दिसलं. तिच्या पोटात मात्र खरंच पिल्लू होतं.

हा फेशियल एक्झिमा. नावावरून कातडीचा रोग वाटतो, पण मार बसतो तो यकृताला. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात, म्हणजे इथे साधारण जानेवारी ते मे, उबदार दमट हवेत रायग्रास या कुरणातल्या गवताच्या बुडाशी साचलेल्या वाळक्या पाल्यावर बुरशी धरते आणि तिच्या बीजाणूंतलं विष चरताना पोटात जातं. मेंढ्या-गाईंनाही हा रोग होतो, पण अल्पाका त्याला फारच नाजूक. जनावर हंगामातून वाचलं तरी यकृत अर्धंमुर्धं निकामी झालेलं असू शकतं आणि पुढे गाभणपणाचा भार त्याला पेलत नाही. आमच्याकडे ती जूनमध्ये, म्हणजे इथल्या थंडीत आली, तेव्हा बुरशीचा हंगाम संपला होता. व्हेट बाईंच्या मते मार आधीच्या कुरणात बसलेला होता.

त्याच वेळी त्यांनी दुसरीची सोनोग्राफी केली. गर्भ नव्हता. विकताना दिलेल्या कागदावर ती सहा वर्षांची होती. खालचे पुढचे दात झिजून हलायला लागलेले, वय त्याच्या दुपटीहून कमी नसावं. मानेतली ओळखीची चिप वाचली तर नंबर कागदावरच्या नंबरशी जुळेना. कागद भलत्याच जनावराचा होता.

अल्पाकाच्या किमतीत लोकरीचा वाटा थोडा असतो. एका जनावराची वर्षाला दोन-चार किलो लोकर निघते. खच्ची नर काही शे डॉलरला मिळतो आणि चांगल्या वंशाची गाभण मादी त्याच्या अनेक पट, कारण पैसे पोटातल्या पिल्लाचे असतात. अमेरिकेत तर यावर अख्खा फुगा उभा राहिला होता. २००५च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या दोन कृषी-अर्थतज्ज्ञांनी स्पष्ट मांडलं होतं, की या किमतींना लोकरीच्या उत्पन्नाचा आधार नाही. पुढे तिथे भाव कोसळले. आपल्याकडे २०१२मध्ये तमिळनाडूत इमू आणि २०१९मध्ये सांगली भागात कडकनाथ कोंबड्या पाळण्याच्या योजना बुडाल्या, त्यात पोळलेल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पैदाशीचं जनावर विकणाराच त्यात कमावतो.

आम्ही डिस्प्यूट्स ट्रायब्युनलकडे, म्हणजे छोटे दावे ऐकणाऱ्या इथल्या न्यायपीठाकडे गेलो. तिथे वकील चालत नाहीत, आपणच बोलायचं. इथल्या २०१७च्या कॉन्ट्रॅक्ट अँड कमर्शियल लॉ अ‍ॅक्टनुसार खोटी माहिती देऊन व्यवहार करायला लावला असेल तर भरपाई मागता येते. ‘शंभर टक्के गाभण’ हा मेसेज, सोनोग्राफीचा अहवाल आणि चिपचा नंबर, या तिन्हींमुळे रिकाम्या मादीचे पैसे परत मिळाले. मेलेल्या मादीचे नाही. आजार तुमच्याकडेच लागला, असं विकणारा म्हणत राहिला आणि खरेदीच्या दिवसाचा रक्ताचा अहवाल आमच्याकडे नव्हता.

म्हणून पैसे देण्याआधी, जनावर विकणाऱ्याच्याच कुरणात असताना, स्वतःचा व्हेट घेऊन जा. साठ दिवसांच्या पुढचा गर्भ सोनोग्राफीत दिसायला हवा. जीजीटीसाठी रक्त काढून घ्या, शरदाच्या अखेरीस किंवा थंडीत घेत असाल तर न चुकता. चिप यंत्राने वाचून नंबर तिथेच कागदाशी ताडा, दात बघा. खर्च तुम्ही करताय, जनावर त्याच्याच ताब्यात आहे, तरीही विकणारा व्हेटला फाटकाच्या आत घ्यायला का-कू करत असेल, तर आगाऊ रक्कम न देता परत या.