ॲपलचं यूएसबी-सी डोंगल: महागड्या डॅकआधी हे लावून बघा

आपला डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) कमी पडतोय का, ही शंकेची पाल एकदा चुकचुकली की वीस हजारांचा डबा कार्टमध्ये जाऊन बसतो. त्याआधी ॲपलचं यूएसबी-सी ते 3.5 मिमी डोंगल घ्या. दिसायला वीतभरसुद्धा नाही, पण आत अख्खा डॅक आणि हेडफोनपुरता अँप (ॲम्प्लिफायर) आहे. मर्यादा 24 बिट/48 किलोहर्ट्झ. सीडीच्या दर्जाला पुरून उरते.

डोंगलपासून 3.5 मिमी ते आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) केबल स्पीकरच्या अँपच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटला लावा, फोनोला (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटला) नाही. लॅपटॉपवर आवाज पूर्ण ठेवा आणि कमीजास्त अँपच्या नॉबने करा. जॅक खोचल्याशिवाय डोंगल लॅपटॉपच्या ऑडिओ यादीत दिसतच नाही, त्यामुळे ते बिघडलंय समजून परत पाठवू नका.

खोडी दोन. सीडी प्लेअरचा सिग्नल साधारण 2 व्होल्टचा, याचा 1 व्होल्टचा. म्हणजे 6 डेसिबल कमी. युरोपातलं ए2155 मॉडेल तर अर्धाच व्होल्ट देतं, म्हणून ए2049 बघून घ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाज दबका येतो. तिथे यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं, डोंगलचा व्हॉल्यूम थेट हाताळणारं ॲप लागतं.

आता खरी परीक्षा: डोंगल आणि तुमचा डॅक यांत फरक ऐकू येतो का? किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘खुला’ वाटतो. दुकानातले निम्मे चमत्कार इथेच होतात. दोन्ही डॅकवर 60 हर्ट्झचा टोन हळू आवाजात वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. मोठा असेल तो सॉफ्टवेअरमधून उतरवून फरक एका टक्क्यात आणा, म्हणजे 0.1 डेसिबलच्या आत. मग अदलाबदल दुसऱ्याने, तुमच्या नकळत करायची. दहापैकी नऊ ओळखले तर बोला. पाच-सहा म्हणजे नाणेफेक.

स्पीकरमधली घरघर चार्जर काढल्यावर थांबत असेल तर तो ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट), डॅकचा दोष नव्हे. आणि दहा बाय दहाच्या खोलीत 56 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज घुमणारच. डग्गा गढूळ वाटतो म्हणून डॅक बदलणं म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या.

टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट, रिमोट किंवा बॅलन्स्ड आउटपुट हवं असेल तर मोठा डॅक जरूर घ्या. ती सोय या डोंगलमध्ये नाही.