स्लीप स्टडी: घरी की लॅबमध्ये, आणि खिशातून नेमके किती जातात?

स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेत श्वास अडतो का हे रात्रभर मोजणाऱ्या तपासणीचा, दर विचारायला फोन केला की पलीकडून आधी एकच प्रश्न येतो, "घरी करायची की ॲडमिट होऊन?" आमच्या घरात घोरणारा माणूस एक आणि त्यापायी जागी राहणारी माणसं तीन, त्यामुळे गेल्या वर्षी असे सात-आठ फोन मी केले. पुणे-मुंबई मिळून ऐकलेले दर ४,००० पासून २५,००० पर्यंत. एकाच तपासणीत एवढी तफावत कशी, असं आधी वाटलं. नंतर कळलं, ही एकच तपासणी नाहीच.

घरची तपासणी

साधारण ४,००० ते ८,००० रुपये. हिला लेव्हल ३ म्हणतात. संध्याकाळी माणूस यंत्र घेऊन येतो, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी आणि बोटाला ऑक्सिजनची क्लिप कशी लावायची ते दाखवतो आणि सकाळी सगळं घेऊन जातो. आपली गादी, आपली उशी. श्वास किती वेळा अडला आणि ऑक्सिजन किती खाली गेला, ते कळतं.

झोप लागली होती की नाही, हे मात्र या यंत्राला कळत नाही, कारण ते मेंदूच्या लहरी मोजत नाही. मुद्दा बारीक वाटतो, पण गोम इथेच आहे. समजा रात्री यंत्र ६ तास चाललं आणि श्वास ७२ वेळा अडला. तासाला १२ झाले. तासाला ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असं धरतात. म्हणजे रिपोर्टवर 'सौम्य' आलं. पण त्या ६ तासांतले २ तास माणूस छताकडे बघत पडला असेल तर खरी झोप ४ तासांची, आणि खरा आकडा १८. तो झाला मध्यम. अनोळखी पट्टा बांधून कोण पडल्या पडल्या घोरायला लागतं? (आमचे हे लागतात, तो भाग वेगळा.)

दुसरी अडचण साधी आहे: रात्री काही निसटलं तर लावायला कोणी नसतं. आमच्याकडे क्लिप पहाटे दोनला निघाली ती सकाळी चादरीत सापडली. तपासणी पुन्हा करावी लागेल म्हणाले आणि पैसेही पुन्हा मागितले. बरीच हुज्जत घातल्यावर निम्म्यावर आले. तेव्हा पैसे भरण्याआधीच विचारा, रेकॉर्डिंग अपुरं निघालं तर दुसरी रात्र फुकट मिळणार का. आणि रिपोर्ट संगणकाने आपोआप काढलेला असतो की कोणी तज्ज्ञ बसून तपासतो, हेही विचारा. स्वस्तातल्या दराचं कारण पुष्कळदा तिथे असतं.

लॅबमधली रात्र

ही लेव्हल १, पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी. दर साधारण १०,००० ते २०,०००. मोठ्या खासगी रुग्णालयात स्वतंत्र खोली घेतली तर त्याहून वर. डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला, छातीला आणि पायांना वायरी लावतात, आणि शेजारच्या खोलीत टेक्निशियन रात्रभर पडद्यावर लक्ष ठेवून असतो. काही निघालं तर येऊन लावतो. पैसे खरं तर त्या जाग्या माणसाचे. जाताना डोकं धुऊन, तेल न लावता जायचं, नाहीतर वायरी चिकटत नाहीत. नेलपॉलिश किंवा बोटांवर गडद मेंदी असेल तर क्लिपचं रीडिंग गडबडू शकतं. दुपारनंतर चहा-कॉफी बंद.

फुकट आणि जवळजवळ फुकट

सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांपैकी काही ठिकाणी ही तपासणी होते आणि खर्च खासगीच्या मानाने अगदी कमी येतो. छाती विभागात किंवा कान-नाक-घशाच्या ओपीडीत चौकशी करायची. खाटा मोजक्या असल्यामुळे नंबर लागायला वेळ लागतो. तब्येत थांबू देत असेल तर थांबायला हरकत नाही.

दुसरं फुकट जरा जपून घ्या. श्वासाचं यंत्र (सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) विकणारेच तपासणी मोफत किंवा हजार-दीड हजारात करून देतात. ती खोटीच असते असं मी म्हणत नाही. पण जो यंत्र विकणार, त्याच्याच मापाने यंत्र लागतंय का हे ठरवायचं, हे मला पटत नाही. रिपोर्ट घ्या आणि तो दुकानाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना दाखवा.

बेरीज पुढेच असते

एका रात्रीचा दर दुसऱ्या रात्रीच्या दराशी लावून बघण्यात फारसा अर्थ नाही. निदान झालं की सीपॅपचा दाब किती ठेवायचा, हे ठरवणं येतं, त्याला टायट्रेशन म्हणतात. खर्च तिथपर्यंत मोजा.

घरची तपासणी ६,००० आणि पुढे महिनाभर भाड्याने ऑटो-सीपॅप, जे दाब स्वतःच कमी-जास्त करतं, त्याचे ४,०००-५,०००. झाले १०-११ हजार. भाड्याच्या यंत्राचं डिपॉझिट वेगळं, पण ते परत मिळतं. लॅबमध्ये एक रात्र निदानाची १४,००० आणि दुसरी टायट्रेशनची तेवढीच, म्हणजे २८,०००. यांच्या मध्ये स्प्लिट नाइट: अर्ध्या रात्रीत निदान, उरलेल्या रात्रीत मास्क लावून दाब ठरवणं. मला १६ ते १८ हजार सांगितले. मात्र पहिल्या काही तासांत त्रास पुरेसा दिसला तरच दुसरा भाग होतो. तो झाला नाही तर पैसे कोणत्या दराने लावणार, हे आधी विचारून ठेवायचं.

एवढं सगळं करून यंत्र विकत घ्यायची वेळ आली की चांगल्या ऑटो-सीपॅपला ३५ ते ७० हजार आणि मास्कला ४ ते ८ हजार. त्यापुढे तपासणीतले वाचवलेले चार हजार किरकोळ वाटतात, आणि चुकीच्या रिपोर्टवर घेतलेलं यंत्र फार महाग पडतं.

विमा

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. केवळ तपासणीसाठी ॲडमिट झालात तर तो खर्च आरोग्यविम्यात बसत नाही. ही अट पॉलिसीत चक्क छापलेली असते. ओपीडी कव्हर घेतलं असेल तर काही मिळू शकतं. 'दुसरं काहीतरी कारण दाखवून ॲडमिट करू' असं कोणी सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका, पुढचे खरे दावेही अडकतील. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) किंवा कंपनीकडून पैसे मिळणार असतील तर यंत्रासाठी कोणत्या लेव्हलचा रिपोर्ट चालतो, ते तपासणीआधी लेखी विचारा. आईवडील साठीपुढचे असतील, त्यांचा विमा नसेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर त्यांच्या उपचारखर्चावर आयकरात वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट आहे. पैसे रोख देऊ नका, रोखीचा खर्च धरत नाहीत.

मग कोणी कुठे जावं?

जोरात घोरणं, झोपेत श्वास थांबलेला घरच्यांनी पाहिलेला, दिवसा पेंगणं, बीपी, आणि बाकी मोठा आजार नाही: घरची तपासणी पुरे. हृदय निकामी होण्याचा त्रास, फुप्फुसाचा जुनाट आजार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर सरळ लॅब गाठा. लहान मुलांनाही लॅबच. झोपेत लाथा मारणं, स्वप्नात ओरडून उठणं, हेही घरच्या यंत्राला दिसत नाही. बोलता बोलता झोप लागत असेल तर रात्रीच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतराने डुलक्या घ्यायला लावून आणखी एक तपासणी करतात. तिचे पैसे वेगळे. आणि घरचा रिपोर्ट नॉर्मल येऊनही पेंगणं तसंच राहिलं, तर त्या नॉर्मलवर विसंबू नका, लॅबमध्ये जा. म्हणजे ६,००० आणि वर १४,०००. लक्षणं गोंधळाची असतील तर मी तरी पहिल्यांदाच लॅब निवडेन.

आम्ही त्या चादरीतल्या क्लिपनंतर स्प्लिट नाइट केली, १७,००० मध्ये. आकडा आला तासाला ४१. यंत्र सध्या भाड्याचंच आहे. मास्क मात्र दुसरा घ्यावा लागला, कारण पहिल्यातून मिशीपाशी हवा सुटत होती, आणि मिशी काढायची तयारी नव्हती.