शेअर्ड होस्टिंग: ठळक अक्षरांतले आकडे सोडा, हे तपासा

दहा-वीस पानांची साइट, एक संपर्काचा फॉर्म, डोमेनच्या नावाचे तीन-चार ईमेल आणि महिन्याला काही हजार वाचक. एवढ्या कामाला सीपॅनेलवालं (ब्राउझरमधून साइट सांभाळायचं पॅनेल असलेलं) शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेला सर्व्हर, पुरतं, आणि नीट निवडलं तर वर्षानुवर्षं पुरतं. प्लॅनच्या पानावर ठळक अक्षरांत ‘अनलिमिटेड स्टोरेज’, ‘अनलिमिटेड बँडविड्थ’ असं छापलेलं असतं, पण छोटी साइट त्या गोष्टींवरून क्वचितच अडते. ती अडते आयनोडवर (फाइलींची संख्या), एन्ट्री प्रोसेसवर (एका वेळी चालणाऱ्या विनंत्या), मेमरीवर. हे आकडे बहुतेक ठिकाणी अटी-शर्तींच्या पानात खोल कुठेतरी असतात. काही कंपन्या विचारल्यावरही सांगत नाहीत. त्यांच्याकडून होस्टिंग घेऊ नये, मग सवलत कितीही असो.

एका सर्व्हरवर शेकडो खाती असतात. एकाच्या गर्दीने बाकीच्यांचा श्वास कोंडू नये म्हणून बऱ्याच कंपन्या क्लाउडलिनक्स ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम वापरतात आणि प्रत्येक खात्याभोवती कुंपण घालतात. ही चांगली गोष्ट आहे. कुंपण नसलेल्या सर्व्हरवर शेजाऱ्याच्या साइटवर हल्ला झाला की तुमचीही साइट बसते. तुमच्या कुंपणाची मापं सीपॅनेलमधल्या ‘रिसोर्स युसेज’ या पानावर दिसतात.

सगळ्यात जास्त गैरसमज एन्ट्री प्रोसेसबद्दल असतो. मर्यादा २० असली म्हणजे एका वेळी २० वाचक, असं नाही. पीएचपीकडे (वर्डप्रेससारख्या साइटची पानं तयार करणाऱ्या भाषेकडे) गेलेली विनंती पूर्ण होईपर्यंत एक जागा अडवते, बस. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर २० जागांत सेकंदाला ४० पानं निघतात. तेच पान पाच सेकंद घेत असेल तर फक्त चार. म्हणजे तोच प्लॅन, तेच वाचक, आणि एका जड प्लगिनमुळे क्षमता दहा पटींनी खाली. जागा संपल्या की वाचकाला ५०८ क्रमांकाची एरर दिसते. लोक लगेच मोठा प्लॅन घेतात, पण आधी अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर आलेल्या विनंत्यांची नोंद) उघडून बघावा. छोट्या साइटवर बऱ्याचदा दोषी असतात ते लॉगिनच्या पानावर पासवर्ड आपटत बसलेले बॉट, एक्सएमएल-आरपीसी फाइलवर (बाहेरच्या अ‍ॅपनी वर्डप्रेसशी बोलायच्या जुन्या वाटेवर) येणाऱ्या विनंत्या आणि एडिटरचं पान उघडं ठेवल्यामुळे मागे चालू राहिलेला वर्डप्रेसचा हार्टबीट (सर्व्हरला ठराविक वेळाने जाणारी विनंती). पहिल्या दोघांना एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधून अडवता येतं, तिसऱ्यासाठी टॅब बंद करणं पुरतं. पेज कॅशे (तयार पानांची साठवण) चालू केला की तयार एचटीएमएल थेट दिलं जातं आणि पीएचपीची जागा अडतच नाही. प्लॅन बदलायचा विचार त्यानंतर.

मेमरीचा हिशेब असाच मांडावा. खात्याला ५१२ एमबी आहेत आणि दुकानाच्या प्लगिनमुळे पीएचपीची एकेक प्रोसेस १०० एमबी खाते, तर एका वेळी पाचच चालतील. मग एन्ट्री प्रोसेस २० असल्याचा काही उपयोग नाही. मेमरी संपली की ५०० किंवा ५०३ एरर येते. सीपीयू संपला तर एरर येत नाही, साइट फक्त रेंगाळते, म्हणून ते दुखणं उशिरा कळतं.

आता आयनोड. प्रत्येक फाइल आणि प्रत्येक फोल्डर म्हणजे एक आयनोड. ‘अनलिमिटेड’ जागेला खरी वेसण इथे असते. वर्डप्रेसमध्ये मोबाइलवर काढलेला एक मोठा फोटो चढवून बघा. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून त्याच्या आठ फाइली होऊ शकतात: मूळ फोटो, २५६० पिक्सेलची प्रत, आणि १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ या मापांच्या प्रती. थीमने स्वतःची दोन-तीन मापं नोंदवली असतील तर त्या वेगळ्या. ५०० फोटो म्हणजे ४,००० फाइली सहज. शिवाय याच खात्यावर ईमेल असतील तर एकेक पत्र ही स्वतंत्र फाइल असते, आणि कुणी न उघडलेल्या मेलबॉक्समध्ये स्पॅमचे ढीग साचतात. कॅशे प्लगिन आपली भर घालतंच.

आयनोड संपल्याची लक्षणं विचित्र असतात. डिस्कवर भरपूर जागा मोकळी दिसते, तरी फोटो चढत नाही, येणारं पत्र परत जातं, आणि सेशनची फाइल लिहिता येत नसल्यामुळे काही साइट्सवर लॉगिनच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे, आयनोड ठराविक संख्येपुढे गेले की रोजचा बॅकअप बंद होईल, असं कलम अनेकांच्या अटींमध्ये असतं. ते कलम सही करण्याआधी शोधा. आणि ज्या मापांचे फोटो थीम वापरत नाही ती मापं सुरुवातीलाच बंद करून टाका, नंतर साफसफाई करणं किचकट आहे.

वेगाच्या बाबतीत कंपनीच्या दाव्यांपेक्षा पहिला बाइट यायला लागणारा वेळ मोजावा. गूगलच्या मार्गदर्शनानुसार ०.८ सेकंदाच्या आत असेल तर चांगलं. कॅशेमधून आलेलं पान एकदा आणि कॅशे टाळून तेच पान एकदा, असं दोन्ही मोजा. खरी ताकद दुसऱ्या आकड्यात कळते. सकाळी, दुपारी आणि रात्री मोजा, कारण शेजाऱ्यांची गर्दी वेळेनुसार बदलते.

सर्व्हर कुठे आहे याला मात्र पर्याय नाही. नवं कनेक्शन जोडताना टीसीपीची (जोडणीची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (कूटबद्धतेची) एक, आणि मग पानाच्या मागणीची एक, अशा तीन फेऱ्या होतात. वाचकापासून सर्व्हरपर्यंत जाऊन यायला २०० मिलिसेकंद लागत असतील तर सर्व्हरच्या कामाचा वेळ न धरताच ६०० मिलिसेकंद संपले. सीडीएन (फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारं सर्व्हरांचं जाळं) लावल्याने चित्रं आणि स्टाइलच्या फाइली जवळून येतात, पण मूळ एचटीएमएल कॅशे होत नसेल तर ही फेरी चुकत नाही. तुमचे वाचक जिथे आहेत त्याच्या जवळचं डेटासेंटर निवडा. हा पर्याय खरेदीच्या वेळी एका छोट्या ड्रॉपडाउनमध्ये असतो आणि नंतर बदलायचा तर पूर्ण स्थलांतर करावं लागतं.

९९.९ टक्के अपटाइमच्या हमीवर फार भाळू नये. त्या हमीत ३० दिवसांच्या महिन्याला ४३ मिनिटं साइट बंद राहिली तरी चालतं, आणि त्याहून जास्त बंद राहिली तर भरपाई म्हणून सहसा पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, तीही मागितल्यावर.

किमतीची तुलना करताना पहिल्या मुदतीचा दर बाजूला ठेवा आणि रिन्यूअलचा दर बघा. तो सहसा पहिल्या दराच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहून जास्त असतो आणि बारीक टाइपात असतो. पहिली मुदत आणि त्यानंतरचं एक रिन्यूअल मिळून एकूण किती, याला महिन्यांनी भागा. तोच खरा दर. पैसे परत मिळण्याच्या हमीतून डोमेनचे पैसे बहुधा वगळलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

‘फ्री डोमेन’ घेऊ नका, असं आमचं ठाम मत आहे. डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे), तुमच्या स्वतःच्या नावाने आणि त्या डोमेनवर अवलंबून नसलेल्या ईमेलवर नोंदवलेलं असावं. होस्टिंगवाल्याशी बिलावरून वाद झाला तर साइट दुसरीकडे उभी करता येते, डोमेन अडकलं तर काहीच करता येत नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली तर ४५ दिवसांपर्यंतची सवलतीची मुदत असू शकते, पण ती किती द्यायची हे रजिस्ट्रार ठरवतो. त्यानंतरच्या ३० दिवसांत सोडवून घ्यायला मोठा दंड पडतो, आणि शेवटच्या पाच दिवसांत कुणीच काही करू शकत नाही.

बॅकअपबद्दल एकच उदाहरण पुरे. १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या कंपनीच्या स्ट्रासबर्गमधल्या डेटासेंटरला आग लागली आणि त्यातली एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. होस्टिंगवाल्याचा रोजचा बॅकअप ही सोय आहे, तिच्यावर विसंबू नये. विचारायचे प्रश्न तीन: किती दिवस मागे जाता येतं, रिस्टोअर मला स्वतःला करता येतं का, आणि त्याचे पैसे लागतात का. शिवाय आठवड्यातून एकदा डेटाबेसचा डंप (एका फाइलमधली पूर्ण प्रत) आणि अपलोड्सचं फोल्डर त्या कंपनीच्या बाहेर जायला हवं. बॅकअप प्लगिन लावलं असेल तर त्याच्या झिप फाइली त्याच खात्यात साठत नाहीत ना, हे बघा. काही वेळा पुढचा बॅकअप मागच्या झिपांनाही पोटात घेतो आणि दर आठवड्याला आकार दुप्पट होत जातो. एकदा तरी तो बॅकअप एखाद्या सबडोमेनवर उभा करून पाहा. मोठी डेटाबेस फाइल पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या पानावरून चढत नाही, कारण अपलोडची मर्यादा किंवा वेळ आधी संपते. ती एसएसएचवरून (सर्व्हरला थेट आज्ञा देण्याच्या सुरक्षित वाटेने) चढवावी लागते, म्हणून प्लॅनमध्ये एसएसएच आहे ना, हेही याच टप्प्यावर तपासा.

एसएसएल (साइट https ने चालवणारं प्रमाणपत्र) फुकट आणि आपोआप नूतन होणारं असलंच पाहिजे. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात, मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केलं, आणि ठरलेल्या नियमांनुसार १५ मार्च २०२९ पासून कुठलंही सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. हाताने प्रमाणपत्र बसवायला लावणारं होस्टिंग आता बाद समजा. आपोआप होणारं नूतनीकरण फसतं तेव्हा कारण बहुधा डीएनएसमध्ये (डोमेनचं नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणाऱ्या नोंदींमध्ये) सापडतं. ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ चा पत्ता) नव्या सर्व्हरकडे वळवलेला असतो आणि आयपीव्ही६ चा चौपट-ए (AAAA) रेकॉर्ड जुन्याकडेच राहिलेला असतो. तुमच्या ब्राउझरमध्ये साइट नीट दिसते, पडताळणी मात्र जुन्या सर्व्हरवर जाऊन आपटते.

शेअर्ड होस्टिंगचा सगळ्यात कच्चा दुवा ईमेल. शेकडो खात्यांची पत्रं एकाच आयपीवरून जातात. एकाने स्पॅम पाठवला की सगळ्यांची पत्रं संशयात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू प्रत्येक प्रेषकाकडे निदान एसपीएफ (या डोमेनची पत्रं कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची नोंद) किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) मागतात. दोन्ही लावा. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच हवा. मेल सेवेने दिलेला दुसरा तसाच जोडला तर दोन्ही बाद होतात, म्हणून नवा मजकूर जुन्या रेकॉर्डमध्येच मिसळा, आणि एकूण डीएनएस शोध दहाच्या वर जाऊ देऊ नका. संपर्काच्या फॉर्मची पत्रं हरवतात त्यामागे नेहमीचं कारण असं की ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता घातलेला असतो. तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या डोमेनच्या नावाने पत्र पाठवतोय, असं दिसतं आणि पत्र नाकारलं जातं. ‘फ्रॉम’मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये भरणाऱ्याचा, आणि पाठवणं एसएमटीपीने (मेल सर्व्हरवर लॉगिन करून). कामाचे महत्त्वाचे ईमेल असतील तर ते सरळ वेगळ्या मेल सेवेवर ठेवा. आयनोडचाही प्रश्न सुटतो.

पीएचपीची आवृत्ती स्वतः निवडता यायला हवी. ८.१ ची सुरक्षा-दुरुस्ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, ८.२ ची ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. आवृत्ती बदलण्याआधी बॅकअप, बदलल्यावर एरर लॉग.

व्हीपीएस (स्वतःच सांभाळायचा आभासी सर्व्हर) स्वस्त मिळतो म्हणून त्याकडे धावू नका. सांभाळणारं कुणी नसलेल्या १ जीबीच्या मशीनवर मेमरी संपली की लिनक्स बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसलाच मारतो आणि साइटवर डेटाबेस जोडणीची एरर येते. अपडेट, फायरवॉल, मेल सगळं तुमच्याच गळ्यात. उलट ज्या साइटला डेटाबेसच नको, तिला शेअर्ड होस्टिंगचीही गरज नाही. गिटहब पेजेसवर १ जीबीपर्यंतची स्टॅटिक (आधीच तयार पानांची) साइट फुकट राहते, महिन्याला साधारण १०० जीबी ट्रॅफिकच्या मर्यादेत. मात्र ऑनलाइन दुकानासाठी ती सेवा नाही.

होस्टिंग पसंत पडलं नाही तर बाहेर पडणं अवघड नाही, फक्त क्रम चुकवू नये. बदलाच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. तो १४,४०० असेल तर जुना पत्ता चार तास लोकांच्या कॅशेत राहतो. फाइली आणि डेटाबेस नव्या जागी चढवा, आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी लिहून साइट तिथून चालवून बघा. डीएनएस वळेपर्यंत नव्या सर्व्हरला सहसा प्रमाणपत्र मिळत नाही, तेव्हा जुनं प्रमाणपत्र आणि त्याची की तात्पुरती तिकडे बसवा, म्हणजे वाचकांना इशारा दिसणार नाही. अदलाबदलीच्या वेळात कमेंट आणि ऑर्डर बंद ठेवा, नाहीतर त्या जुन्या डेटाबेसमध्ये राहतील. मेलबॉक्स आयमॅपने नव्या जागी उतरवून घ्या. जुनं खातं आठवडाभर चालू ठेवून त्याचा वेबमेल रोज बघा, कारण काही सर्व्हर जुन्या पत्त्यावर पत्रं टाकत राहतात. तिथे नवं काही येईनासं झालं की एसपीएफमधून जुना आयपी काढा, ऑटो-रिन्यूअल बंद करा आणि मगच खातं रद्द करा.