पणजी ते काणकोण, मधे इंटरनेट नाही: थेट डायल-अप व्हिडिओ कॉलचा आठ महिन्यांचा अनुभव

जूनच्या पहिल्या पावसात जोडलेली ही व्यवस्था फेब्रुवारी उजाडला तरी चालू आहे. एका टोकाला पणजी, दुसऱ्या टोकाला काणकोण तालुक्यातलं डोंगराआडचं घर आणि मधे टेलिफोनची तांब्याची जोडी, बस्स. मधला सर्व्हर नाही, खातं उघडायचं नाही. एक संगणक मोडेमवरून दुसऱ्याला फोन लावतो, दुसरा उचलतो आणि माणसं बोलायला लागतात. चित्र काडेपेटीएवढं, सेकंदाला दोन ते पाच फ्रेम. आवाज मात्र समजायला स्वच्छ. जिथे मोबाइलची रेंज येत नाही पण लँडलाइन अजून जिवंत आहे, अशा घरासाठी ही गोष्ट मनापासून सुचवावीशी वाटते. मोठं, सळसळतं चित्र हवं असेल तर मात्र हा मार्ग तुमचा नाही.

सामान साधं आहे. विंडोज एक्सपीचे दोन जुने संगणक, १ गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम पुरते. मायक्रोसॉफ्टचं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर, नेटमीटिंग ३, एक्सपीसोबतच येतं, फक्त मेनूत दिसत नाही. स्टार्टमधल्या 'रन'मध्ये सी-ओ-एन-एफ ही चार अक्षरं टाइप केली की उघडतं. व्हिस्टापासून ते काढून टाकलं, म्हणून एक्सपीच हवा. एक्सपीचे सुरक्षा अपडेट २०१४ मध्ये थांबले, पण हे संगणक इंटरनेटला लावायचेच नाहीत, त्यामुळे त्याची चिंता कमी.

खर्च करायचा तर मोडेमवर करा. सीरियल पोर्टला लागणारा, स्वतःचा अडॅप्टर असलेला बाहेरचा मोडेम घ्या. कार्डाच्या रूपात आत बसणारे स्वस्त मोडेम बहुतेक सॉफ्टमोडेम असतात. सिग्नल सोडवायचं काम ते प्रोसेसरवर टाकतात आणि तोच प्रोसेसर त्याच वेळी कॅमेऱ्याचं चित्र दाबत असतो. मग आवाज तुटतो आणि दोष लाइनीला लागतो. बाहेरच्या मोडेमवर दिवे असतात, हा आणखी एक फायदा. कॅरिअर, म्हणजे दोन मोडेमना जोडून ठेवणारा सततचा सूर, गेला आहे का नुसता डेटा थांबला आहे, हे लांबूनही कळतं.

५६ के हा आकडा विसरून जा. व्ही.९० या ५६ केच्या मानकाचा वेग मिळायला एक टोक एक्स्चेंजशी डिजिटल जोडलेलं लागतं, जसं इंटरनेट कंपनीकडे असायचं. दोन्हीकडे घरगुती लाइन असली की त्याआधीचं व्ही.३४ हे मानक हीच कमाल, म्हणजे कागदावर ३३,६००. काणकोणच्या लाइनीवर आम्हाला कोरड्या दिवसांत २८,८०० आणि पावसात २४,००० ते २६,४०० मिळाले. यात लाइनीची लांबी आणि जोडांची संख्या बोलते, मोडेमच्या खोक्यावरचा आकडा नाही.

जोडणीत एक टोक उचलणारं. एक्सपीच्या नेटवर्क कनेक्शन विझार्डमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून इनकमिंग कनेक्शन तयार करा, मोडेमवर खूण करा आणि एक युजर व पासवर्ड द्या. टीसीपी/आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ते स्वतः भरा: १९२.१६८.५०.१ ते १९२.१६८.५०.२. पहिला पत्ता उचलणारा संगणक स्वतःला घेतो, दुसरा फोन करणाऱ्याला मिळतो. पत्ते असे बांधून दिले की रोज शोधाशोध नाही. फोन करणाऱ्या टोकाला साधं डायल-अप कनेक्शन. सगळ्या गोव्याचा कोड ०८३२ एकच, म्हणून एरिया कोडची खूण काढून नुसता सात आकडी नंबर भरा. 'डायल टोनची वाट पाहा' हीही खूण काढा, किंवा मोडेमच्या सुरुवातीच्या आज्ञेत (इनिशियलायझेशन) एक्स३ द्या. आपल्या लाइनीचा टोन कित्येक मोडेमना ओळखता येत नाही आणि फोन नीट चालत असूनही ते 'नो डायल टोन' म्हणून बसतात. दोघांनी फायरवॉलमध्ये नेटमीटिंगला परवानगी द्यायची. जोडणी झाली की नेटमीटिंगमध्ये १९२.१६८.५०.१ हा पत्ता टाकून कॉल.

उचलणारं टोक घरातल्या वयस्कर माणसांचं ठेवा आणि तिथे नेटमीटिंगच्या कॉल मेनूत 'आपोआप स्वीकारा' चालू करा. त्यांना काही दाबावं लागत नाही. अडचण एवढीच की मोडेम जोडलेला असला तर दुकानदाराचा फोनसुद्धा तोच उचलतो आणि समोरच्याच्या कानात किंचाळतो. म्हणून आधी साध्या फोनवर 'आजी, पिन घाला हां' एवढं बोलायचं, फोन ठेवायचा, त्यांनी मोडेमची लाइनीची पिन भिंतीच्या सॉकेटात घालायची, मग संगणकावरून लावायचं. मोडेम चालूच असतो, पिन तेवढी काढ-घाल. ही सवय विजा कडाडण्याच्या दिवसांतही कामाला येते, ते पुढे.

आता २८,८०० बिट जातात कुठे ते बघा, कारण बाकीची सगळी सेटिंग्ज यावरच ठरतात. नेटमीटिंगच्या जी.७२३.१ या कोडेकला, म्हणजे आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीला, आवाजासाठी सेकंदाला फक्त ६.३ किलोबिट लागतात. दर ३० मिलिसेकंदांना २४ बाइटची एक फ्रेम. पण ती नेणाऱ्या पाकिटावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या पाकिटं पोचवण्याच्या पद्धतींच्या हेडरांचं (पत्ता, क्रम वगैरे माहितीचं) मिळून ४० बाइटचं ओझं असतं, वर फोन लाइनीवरून पाकिटं नेणाऱ्या पीपीपीचे चार-पाच. एका पाकिटात एकच फ्रेम गेली तर २४ बाइटच्या मालाला ४५ बाइटचं बारदान आणि आवाजाचा खर्च १८ किलोबिटच्या वर. दोन फ्रेम एकत्र गेल्या तर साडेबारा. उरेल ते चित्राचं. पीपीपीची नेहमीची हेडर दाबण्याची सोय टीसीपी या वेगळ्या प्रकारच्या पाकिटांपुरती आहे, आवाजाच्या पाकिटांना तिचा उपयोग नाही.

म्हणून मोडेमच्या सेटिंगमध्ये चूक करू नका. मोडेममधली व्ही.४२ ही चुका दुरुस्त करणारी व्यवस्था बंद केली तर आवाज लवकर पोचेल, असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. व्ही.४२ चालू असताना मोडेम प्रत्येक बाइटचे स्टार्ट आणि स्टॉप बिट काढून टाकतो. ती बंद केली की ८ बिटांच्या बाइटला १० बिट लागतात आणि आधीच अरुंद असलेल्या वाटेचा पाचवा हिस्सा जातो. व्ही.४२बिस हे कॉम्प्रेशन मात्र बंद करा. चित्र आणि आवाज आधीच दाबलेले असतात, पुन्हा दाबून हाती काही लागत नाही. बऱ्याच मोडेमवर ते एटी%सी० या आज्ञेने होतं, पण कंपनीगणिक आज्ञा बदलतात, मॅन्युअल बघा. पोर्टचा वेग १,१५,२०० आणि फ्लो कंट्रोल हार्डवेअरचा.

नेटमीटिंगच्या ऑप्शन्समध्ये बँडविड्थ २८,८०० वाल्या पर्यायावर ठेवा. चित्राचा आकार 'स्मॉल' ठेवला की बाकीची खटपट सोपी होते. पहिलं पूर्ण चित्र दोन सेकंदांत उमटतं आणि मग बदललेले तुकडेच येत राहतात. चित्र आवाजापेक्षा सेकंद-दीड सेकंद मागे असतं. ओठ बघून बोलू नका, कानाने बोला.

सगळ्यात मोठा फरक पडला तो एका फुकटच्या गोष्टीने: छताचा पंखा. नेटमीटिंग शांतता ओळखून आवाजाची पाकिटं थांबवतं. पंख्याची घरघर माइकमध्ये शिरली की त्याला शांतता कधी सापडतच नाही. मग माणूस गप्प असतानाही आवाजाचे पूर्ण बिट जात राहतात आणि तेवढं चित्र उपाशी राहतं. पंखा बंद करून, तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट घातला तेव्हा त्याच लाइनीवर सेकंदाला दोनचे चार फ्रेम झाले. पावसात पत्र्याच्या छपराखाली हाच त्रास दुप्पट. कौलारू खोलीत संगणक हलवला, तेव्हा निभावलं. शांततेची पातळी आपोआप ठरू देण्यापेक्षा हाताने ठरवा.

यातून एक मजेदार गोष्ट कळते. लाइनीच्या दोन्ही दिशा स्वतंत्र आहेत, त्यामुळे जो बोलतो त्याचंच जाणारं चित्र खराब होतं आणि जो ऐकतो त्याचं छान जातं. नातवाचं बोलणं ऐकणारी आजी स्वच्छ दिसते, ती बोलायला लागली की तिच्या चेहऱ्यावर चौकडे येतात. चेहरा नीट बघायचा असेल तर क्षणभर दोघांनी गप्प राहायचं.

कॅमेऱ्यामागची भिंत कोरी हवी. खिडकीतून माडाची झावळं हलताना दिसली की कोडेक सगळे बिट झावळ्यांवर उधळतो. अंधाऱ्या खोलीतही तेच, कारण कमी उजेडात कॅमेऱ्याचा दाणा सतत थरथरतो आणि कोडेकला ती हालचाल वाटते. चेहऱ्यावर समोरून एक दिवा आणि डोकं शक्यतो स्थिर.

चवथीला गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची माटोळी दाखवायचा प्रयत्न आम्ही केला, तो तसा करू नका. नारळ, सुपारीचे घड, नीरफणस, रानातली वेलीची फळं, शंभर रंगांचे बारीक तुकडे आणि वर मंद झोका. पडद्यावर हिरवट-तांबूस चौकटींची गोधडी दिसते. कॅमेरा स्टँडवर ठेवून, आवाज दोन्हीकडून बंद करून दहा-बारा सेकंद काही हलू दिलं नाही, तेव्हा माटोळी हळूहळू उमटली आणि एकेक फळ ओळखता आलं. घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीचं तर हे कामच नाही. जी.७२३.१ माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेला आहे. घुमटाचा खोल ठोका त्यात पोकळ खोक्यासारखा येतो आणि झांजेसारख्या कासाळ्याची नुसती चरचर होते. आरती ऐकवायची तर साधा फोन उचलून समोर धरा, तो केव्हाही सरस.

लाइनीचं पावसाळ्यातलं दुखणं बहुतेक वेळा जोडात असतं. डीपी बॉक्सपासून (बाहेरच्या टेलिफोनच्या जोड-डब्यापासून) घरापर्यंतच्या वायरीत जिथे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलाय, तिथे पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. साधा फोन उचलून एक आकडा दाबा आणि टोन गेल्यावरची शांतता ऐका. खरखर आली तर मोडेमशी झटापट करू नका, लाइनमनला बोलवून तो जोड कापून नवा करून घ्या. घरातले समांतर फोन काढा. कॉलदरम्यान कोणी दुसरा रिसीव्हर उचलला तर जोडणी जाते. कॉल वेटिंग बंद करून घ्या, तिचा बीप कॅरिअर पाडतो. मोडेममधला एस१० हा रजिस्टर (एक सेटिंग) ५० केला की मोडेम पाच सेकंद कॅरिअरची वाट बघतो आणि छोटा धक्का पचतो.

वेगाची हाव इथे नडते. पावसाळी लाइनीवर ३१,२०० ला जुळलेला मोडेम थोडा गोंगाट झाला की पुन्हा जुळवाजुळव सुरू करतो आणि प्रत्येक वेळी कित्येक सेकंद सगळं गोठतं. एटी+एमएस आज्ञेने व्ही३४ ठरवून वरची मर्यादा २६,४०० केली आणि तासभराचे कॉल न तुटता झाले. व्ही.९०ची निष्फळ चाचपणी टळल्याने जोडणीही लवकर होते. सेटिंग एटी&डब्ल्यू या आज्ञेने साठवा, नाहीतर वीज गेली की मोडेम सगळं विसरतो. लाइनीला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून येते, मोडेमला घरातून, म्हणून संगणकाच्या यूपीएसवर मोडेमचा अडॅप्टरही लावा.

मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या संध्याकाळच्या गडगडाटात लाइनीची पिन बाहेरच हवी. आमचा पहिला मोडेम ऑक्टोबरात असाच गेला: दिवे लागतात, आज्ञांना ओके म्हणतो, पण फोनवर टोन असूनही त्याला लाइन सापडत नाही. लाइनीकडचा भाग जळल्याची ती खूण. दुरुस्तीत पैसे घालू नका.

खरं तर या कामासाठी १९९६ मध्ये एच.३२४ हे मानक आलं होतं. त्यात मधे आयपीच नाही. आवाज आणि चित्राचे बिट थेट मोडेमवर एकत्र गुंफले जातात, त्यामुळे ४० बाइटचं बारदान वाचतं. तसं सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालणाऱ्या अवस्थेत हाती आलं तर नेटमीटिंगपेक्षा तेच घ्या.

आणि एक. कोणत्याही टोकाला तांबं काढून फायबर बसवणार असतील तर आधी चाचणी करा. फायबरच्या डब्यातल्या फोन पोर्टवर तुमचा आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून जातो. तिथे दाबणारा कोडेक असेल तर मोडेम जुळतच नाही आणि साधा, फारसं न दाबणारा जी.७११ असला तरी एखादं पाकीट हरवलं की पुन्हा जुळवाजुळव सुरू. जुनी जोडी भिंतीतून उपटण्याआधी नव्या पोर्टवरून एकदा डायल करून, निदान अर्धा तास बोलून बघा.