मेटॅलिकाचा 'ब्लॅक अल्बम': बाजारूपणाचा आरोप आणि दोन तबकड्या

मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचा १२ ऑगस्ट १९९१ रोजी प्रसिद्ध झालेला, बँडचेच नाव धारण करणारा, पण काळ्याभोर मुखपृष्ठामुळे 'ब्लॅक अल्बम' म्हणून ओळखला जाणारा अल्बम २०२१ च्या रीमास्टर, म्हणजे ध्वनी नव्याने सुधारलेल्या, आवृत्तीत दोन एलपी तबकड्यांवर मिळतो. त्याचे परीक्षण करताना ध्वनीच्या दर्जाबरोबर एका जुन्या आरोपाचाही विचार करावा लागतो, कारण सांगलीत विश्रामबागेतल्या वसतिगृहांपासून थेट लॉस एंजेलिसपर्यंत, मेटल ऐकणारे चार जण जमले की 'इथूनच मेटॅलिका बाजारू झाली' असे त्यांतला एक जण म्हणतोच.

आरोप निराधार नाही. १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बमचे शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे आहे आणि त्यातली लय इतक्या वेळा मोडते की नवख्या श्रोत्याला ठेका धरता येत नाही. त्यानंतर बँडने निर्माता म्हणून निवडले ते बॉब रॉक यांना, म्हणजे 'मॉटली क्रू' या बँडच्या १९८९ मधल्या 'डॉ. फीलगुड' या चकचकीत अल्बमच्या निर्मात्याला. 'एंटर सँडमन'चे मूळ शब्द पाळण्यातल्या बाळाच्या अकस्मात मृत्यूविषयी होते. रॉक आणि ड्रमर लार्स उलरिक यांच्या आग्रहावरून गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डने ते बदलले. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या, हेही आरोप करणाऱ्यांच्या पथ्यावरच पडले.

तरीही तबकडी लावल्यावर प्रथम जाणवतो तो हिशेबीपणा नव्हे, तर आवाजाचे वजन. आधीच्या अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, इतका तो मिक्सिंगमध्ये दाबलेला आहे. इथे तो ड्रमच्या बरोबरीने उभा राहतो. रॉक यांनी चौघांना स्टुडिओत एकत्र वाजवायला लावले, त्याचा परिणाम 'सॅड बट ट्रू'मध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. गिटारी नेहमीपेक्षा एक पूर्ण स्वर खाली उतरवलेल्या, चाल संथ, आणि दोन आघातांमधली रिकामी जागा निर्धास्तपणे मोकळी सोडलेली. वेगाच्या आधाराने पुष्कळ चुका झाकता येतात. या गतीला ती सोय नाही. गिटारवादक कर्क हॅमेटच्या मूळ कल्पनेतला पहिला तुकडा तीनदा वाजवून मगच पुढचा घ्यावा, ही 'एंटर सँडमन'च्या रिफबाबत, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरतुकड्याबाबत, उलरिकने केलेली सूचनाही मला याच जातीची वाटते. तिने गाणे सोपे केले, हे खरे. पोकळ केले, असे मात्र म्हणता येत नाही.

'नथिंग एल्स मॅटर्स' हे तर बाजारूपणाचे उदाहरण म्हणून हमखास पुढे केले जाते. वस्तुस्थिती अशी की हेटफील्डने ते स्वतःपुरते रचले होते आणि बँडसाठी देण्याचा त्याचा विचार नव्हता. शिवाय संथ, हळवी सुरुवात असलेले 'फेड टू ब्लॅक' १९८४ मध्येच आले होते आणि त्या वेळच्या कट्टर चाहत्यांनी तेव्हाही हीच ओरड केली होती. व्हिडिओ काढणे हेच बाजारूपण मानले, तर 'वन' या गाण्याचा व्हिडिओसुद्धा १९८९ चा, म्हणजे या अल्बमच्या आधीचा. बँड एका रात्रीत बदलला, ही कथा त्यामुळे टिकत नाही.

राहिला गाणी आखूड झाल्याचा, म्हणजे लांबीचा मुद्दा. शेजारच्या मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत, आणि ज्यांची ख्याती संथ आलापीची, त्या गायकाने तेवढ्या अवकाशात गाणे बसवले. त्या मुद्रिका विकण्यासाठीच काढल्या जात होत्या, तरी त्यांना कोणी बाजारू म्हणत नाही. मेटलच्या बाबतीत मात्र दहा मिनिटांचे गाणे प्रामाणिक आणि साडेपाच मिनिटांचे लबाड, असा हिशेब आपण सहज मान्य करतो.

मात्र बारा गाणी सारख्या तोलाची नाहीत. चारही बाजूंवर प्रत्येकी तीन गाणी आहेत. त्यांतली दुसरी बाजू, 'द अनफरगिव्हन' आणि 'व्हेअरेव्हर आय मे रोम' यांच्यामुळे, संपूर्ण अल्बममधली सर्वोत्तम ठरते, पण 'डोन्ट ट्रेड ऑन मी' तिच्या शेवटी उगाच छाती काढून उभे राहते. चौथ्या बाजूवर न्यूस्टेडच्या बेसवर उभारलेले 'माय फ्रेंड ऑफ मिझरी' वगळता विशेष हाती लागत नाही. खरी घसरण शोधायची असेल तर १९९६ च्या 'लोड'कडे जावे. तिथे बँडमधल्यांनी कापलेल्या केसांवरच जास्त चर्चा झाली, पण माझी तक्रार गाण्यांच्या सैलपणाबद्दल आहे.

धंदा पाहायचा असेल तर तो २०२१ च्या मोठ्या संग्राहक आवृत्तीत दिसतो. डझनाहून अधिक सीडी, कच्च्या चाली, मैफलींची ध्वनिमुद्रणे असा तो पेटारा निष्ठावंतांच्या खिशावर डोळा ठेवून बांधलेला आहे, आणि साध्या श्रोत्याला त्याची काडीचीही गरज नाही. दोन तबकड्यांची आवृत्ती पुरेशी आहे. एका बाजूला पंधरा-सोळा मिनिटेच असल्याने खाचांना जागा मिळते, खालचे स्वर भरदार उमटतात आणि झांजा कानाला टोचत नाहीत. दर तीन गाण्यांनंतर उठून बाजू बदलण्याचा त्रास तेवढा सोसावा लागतो.

सांगलीत अशा नव्या रेकॉर्डी दुकानात सहज मिळत नसल्याने त्या कुरिअरनेच मागवाव्या लागतात. एप्रिल-मे महिन्यांत ते टाळावे, कारण तापलेल्या गाडीत पडून राहिलेली तबकडी वाकते आणि मग सुई तिच्यावर नीट टिकत नाही. ज्यांना मेटॅलिकाकडून केवळ वेग हवा आहे, त्यांनी हेच पैसे १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'वर खर्च करावेत.